घराचे दप्तर

‘दप्तर’ हा शब्द फारशीतून मराठीत आला आणि येथे इतका रुळला की त्याचे माहेर कोणते, हे आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. शाळकरी मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर, कचेरीच्या कपाटांतून खच्चून भरलेले असते ते दप्तर, आणि पुण्यास पेशव्यांचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत तेही दप्तरच. घराला मात्र दप्तर नसते, असा सर्वसाधारण समज आहे. घरात भांडीकुंडी असतात, कपडेलत्ते असतात, माणसे असतात. कागदपत्रे ही कचेरीची बाब. वास्तविक मध्यम स्थितीतील कोणत्याही कुटुंबात वर्षाकाठी जितके दाखले, पावत्या, किल्ल्या, औषधांच्या चिठ्ठ्या, हप्ते आणि तारखा येऊन पडतात, तितक्यांची व्यवस्था लावण्यास कचेरीत एक स्वतंत्र कारकून नेमावा लागेल. घरात हे काम बहुधा गृहिणी करते, आणि करते ती केवळ स्मरणशक्तीच्या बळावर.

जून महिना उजाडला की वाशीम जिल्ह्यातील सहाही तालुक्यांच्या गावी – वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा येथे – घरोघर एकच शोधाशोध सुरू होते. मुलाच्या प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, जातीचा हवा असतो, उत्पन्नाचा हवा असतो. गावात नोकरी करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची खेड्यावर थोडीबहुत शेती असते. तिकडे मृग लागलेला असतो, सोयाबीन आणि तुरीची पेरणी तोंडावर आलेली असते, आणि पीककर्जासाठी बँकेने कागद मागितलेले असतात. मग कपाट उघडले जाते, गादी उचलली जाते, देव्हाऱ्याखालचा खण उपसला जातो. “येथेच तर ठेवला होता,” हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी निघते. दाखला शेवटी सापडतो. पण तोवर सकाळ गेलेली असते, कचेरीला उशीर झालेला असतो, आणि घरातील दोन माणसांत अबोला धरला गेलेला असतो.

‘वेळ पुरत नाही’ ही तक्रार सर्वतोमुखी आहे, आणि ती खोटी नाही. परंतु वेळ जातो कोठे, ह्याची झडती घेतली तर असे दिसून येईल की, काम करण्यात तो फारसा जात नाही. अर्ज लिहावयास दहा मिनिटे लागतात. त्यासाठी लागणारे कागद शोधण्यास दोन तास. अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घेताना ते कोठवर आले होते हे आठवण्यात आणखी काही वेळ जातो. आणि तिसरी गळती फार कमी लोकांच्या लक्षात येते. जे काम दुसऱ्याकडून व्हावयाचे आहे, त्याची आपण वाट पाहतो, ती पाहता पाहता विसरतो, आणि मुदत टळल्यावर जागे होतो. घराची टापटीप आणि कामाचे वेळापत्रक ह्या दोन निरनिराळ्या विद्या मानल्या जातात. पण वस्तूला जागा नसेल तर कामाला वेळ मिळत नाही. आणि कामाला तारीख नसेल तर वस्तू जागेवर राहत नाही.

ह्या बाबतीत धडा घ्यावयाचा तो सरकारी कचेरीपासून, असे म्हटले तर श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांना हसू येईल. कचेरीतील दिरंगाईचा अनुभव कोणास नाही? तथापि कारकून कसाही असो, त्याच्या टेबलासाठी घालून दिलेली पद्धत फार विचारपूर्वक बसविलेली आहे. महाराष्ट्रातील महसुली कचेऱ्यांतून आणि जिल्हा परिषदांतून तिला ‘सहा गठ्ठे पद्धत’ म्हणतात. आलेला प्रत्येक कागद प्रथम नोंदवहीत चढतो, त्यास क्रमांक आणि तारीख मिळते, आणि मग तो सहांपैकी कोणत्या तरी एकाच गठ्ठ्यात जातो. ज्यावर आपण स्वतः काही करावयाचे आहे तो पहिल्या गठ्ठ्यात. ज्यावर दुसऱ्याचे उत्तर यावयाचे आहे तो ‘प्रतीक्षाधीन’ म्हणून दुसऱ्या गठ्ठ्यात. दरमहा किंवा दरवर्षी ठरल्या दिवशी पाठवावयाची विवरणपत्रे, म्हणजे नियतकालिके, ती तिसऱ्यात. वारंवार लागणारे नियम व आदेश ह्यांची स्थायी आदेश संचिका हा चौथा. काम संपून अभिलेख कक्षात जावयाचे कागद पाचव्यात, आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद सहाव्यात.

शेवटच्या दोन गठ्ठ्यांसाठी आणखी एक तजवीज आहे. कोणता कागद किती वर्षे ठेवावयाचा, हे तो ठेवतानाच ठरलेले असते. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ वर्गाचा ३० वर्षे, ‘क-१’ चा १०, ‘क’ चा ५, आणि ‘ड’ वर्गाचा अवघे एक वर्ष. म्हणजे कागदाच्या जन्माबरोबरच त्याच्या मरणाची तिथीही लिहिली जाते. कचेऱ्यांच्या सुधारणेचे जे प्रयत्न महाराष्ट्रात गाजले, त्या सर्वांची सुरुवात कागदांची छाननी करण्यापासूनच झालेली दिसते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी कचेरीची जी पुनर्रचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्धीस आली. २०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ नावाची मोहीम हाती घेतली, तीतही जुन्या कागदांचे वर्गीकरण हीच पहिली पायरी होती.

आता ही पद्धत कचेरीस का सुचली आणि घरास का सुचली नाही, हा खरा विचारावयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका कायद्यात सापडते. २००५ साली महाराष्ट्राने शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. नाव इतके लांब आहे की ते उच्चारण्यातच थोडासा विलंब होतो. लोक त्यास ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून मोकळे होतात. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कोणतीही संचिका कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात सांगितले आहे. ‘तात्काळ’ शेऱ्याची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी, ‘तातडीची’ चार दिवसांत निघावी. आणि त्याच कायद्यात बदलीसाठी सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे. बदली आणि विलंब ही दोन प्रकरणे एकाच कायद्यात आली, हे योग्यच झाले म्हणावयाचे. कारकुनाची बदली होते, म्हणूनच त्याचे टेबल असे असावे लागते की, उद्या मानोऱ्याहून किंवा अकोल्याहून आलेला नवखा माणूस त्या खुर्चीवर बसला तरी त्यास सहाही गठ्ठे उलगडावे. व्यवस्था कारकुनाच्या डोक्यात राहून चालत नाही. ती टेबलावर दिसावी लागते.

गृहिणीची बदली होत नाही. वीस वर्षे, तीस वर्षे ती एकाच जागी असते. तूरडाळीच्या डब्यामागे गॅसचे पुस्तक आहे, लग्नाच्या शालूच्या घडीत घराचे खरेदीखत आहे, विम्याच्या हप्त्याची तारीख वडिलांच्या श्राद्धाच्या जवळपास येते – हे सर्व तिला ठाऊक असते आणि तिला विचारले की मिळते. घर व्यवस्थित चाललेले आहे असे सर्वांस वाटते. परंतु ती व्यवस्था घराची नसते, एका माणसाची असते. त्या माणसास आठ दिवस ताप आला तर घर ठप्प होते. पुष्कळ घरांत पैशाचे व्यवहार यजमान पाहतात. तेथे हीच गोष्ट त्यांच्या बाबतीत घडते, आणि तिचे परिणाम अधिक गंभीर होतात.

ते परिणाम किती गंभीर, हे एका उदाहरणावरून कळून येईल. दहा वर्षे ज्या खात्यावर देवघेव झाली नाही अशा बँक खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका स्वतंत्र निधीत वर्ग करण्याची तरतूद २०१४ पासून अमलात आहे. तो पैसा बुडत नाही, वारसांस मागता येतो. आणि अशा ठेवींचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही उघडले. पण असे संकेतस्थळ उघडावे लागले, ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. माणसांनी पोटाला चिमटा घेऊन पैसा साठविला, आणि तो कोठे साठविला हे घरच्यांस सांगावयाचे राहून गेले. जमिनीचेही तसेच. शेतजमिनीचा धनी वारला तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यावी असे जमीन महसूल संहितेत सांगितले आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. ज्या दिवसांत घरास सर्वांत कमी सुचते, त्याच दिवसांत ह्या मुदती धावत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कागद कोठे आहेत हे ठाऊक असलेले माणूस घरात नसते.

ठेवणाऱ्याच्या पश्चातही उपयोगी पडणारी ठेव कशी असावी, ह्याचे उदाहरण वाशीम जिल्ह्यातच आहे, आणि ते कचेरीचे नसून मंदिराचे आहे. कारंजा हे दत्तभक्तांस नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून माहीत आहे. पण तेथील दिगंबर जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांची कीर्ती विद्वानांत त्याहून निराळ्या कारणाने आहे. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे तेथे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते त्यांत जपली गेली. हस्तलिखित जपावयाचे म्हणजे ते फळ्यांत धरून कापडाच्या वेष्टनात बांधावयाचे, ओल आणि कसर ह्यांपासून दूर ठेवावयाचे, आणि वर्षातून एकदा बाहेर काढावयाचे. ह्या शेवटच्या कामासाठी दिगंबर संप्रदायात एक सणच आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी म्हणतात. त्या दिवशी शास्त्रग्रंथांची पूजा होते आणि ग्रंथ झाडूनपुसून, जुनी वेष्टने बदलून पुन्हा बांधण्याचा प्रघात आहे. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास ही तिथी येते. ज्याने प्रथम हा दिवस धरला त्याच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते. ‘सवड मिळाली की कपाट आवरू’ असे म्हणून कपाट कधीच आवरले जात नाही; पंचमी मात्र सवड पाहून येत नाही.

परंतु जपणे हे अर्धेच काम झाले. ग्रंथ सुरक्षित होते, पण भांडारात काय आहे हे बाहेरच्या जगास ठाऊक नव्हते. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली. तीत कारंजाच्या भांडारांतील पोथ्यांची नोंद आली आणि अपभ्रंश भाषेतील अनेक ग्रंथ अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. दहाव्या शतकात मान्यखेटास राहिलेल्या पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिले, ते कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली निघाले. त्याच कवीचे ‘णायकुमारचरिउ’ अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले. (सूचीकार हिरालाल आणि हे प्राध्यापक हिरालाल, ह्या दोन निरनिराळ्या व्यक्ती, नामसादृश्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितले.) मराठीच्या पूर्वरूपाचा विचार करणारांस अपभ्रंश ग्रंथांवाचून चालत नाही. तो सर्व ठेवा कारंजातील कपाटांत शेकडो वर्षे होता. तो सर्वांच्या उपयोगी पडला तो यादी झाल्यावर.

कारंजाची ही दोन कामे, वर्षातून एकदा हात फिरविणे आणि आत काय आहे त्याची यादी ठेवणे, कोणत्याही घरास करता येण्याजोगी आहेत. त्यांना कचेरीच्या सहा गठ्ठ्यांची जोड दिली की घराचे दप्तर उभे राहते.

घरी गठ्ठे बांधून ठेवावे असा ह्याचा अर्थ नव्हे. सहा पाकिटे, एखादा खणांचा डबा, किंवा भिंतीवर शिवून टांगलेली कप्प्यांची पिशवीही चालेल. पहिल्या कप्प्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आज भरावयाचे बिल, सही करून शाळेत पाठवावयाचा कागद, ही कामे डोळ्यांसमोर असतात आणि होऊन जातात. घरे अडतात ती दुसऱ्या कप्प्यापाशी. शिंप्याकडे कापड दिले आहे, शेजारी परात गेली आहे, दाखल्यासाठी अर्ज केला त्याची पोच मिळाली आहे, भाच्यास पुस्तक वाचावयास दिले आहे – ह्या सर्व ‘प्रतीक्षाधीन’ बाबी होत. त्या कोणाच्याही टेबलावर नसतात, म्हणून कोणाच्याही नसतात. त्यांचा उपाय सोपा आहे. वस्तू किंवा काम हातातून जाताच एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहाव्या: कोणाकडे गेले, आणि कोणत्या तारखेस पुन्हा विचारावयाचे. ‘पाहू पुढे’ ही तारीख नव्हे. सेवा देण्यास किती दिवस लागतील हे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली कचेऱ्यांनी जाहीर करावयाचे असते. तेव्हा दाखल्याच्या पोचपावतीवर मुदतीचा दिवस टाकून ठेवण्यास अडचण काहीच नाही. त्या दिवसापूर्वी कचेरीत जाऊन विचारणे म्हणजे आपला आणि कारकुनाचा दोघांचाही वेळ घालविणे होय. त्या दिवसानंतर न विचारणे हा आपला दोष.

तिसरा कप्पा नियतकालिकांचा. येथे घरची गृहिणी कचेरीच्या कारकुनास शिकवील. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुरड्या, पापड, शेवया आणि मुगवड्या करून ठेवावयाच्या, वर्षाची तूरडाळ आणि गहू ऊन देऊन भरावयाचे, मिरची वाळवावयाची, पावसापूर्वी पांघरुणे धुवावयाची, हे वार्षिक वेळापत्रक वऱ्हाडातील घरांतून कोणी न लिहिता पाळले जाते. त्याच वेळापत्रकात घरपट्टी, विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क आणि दुचाकीचा विमा हे बसवावयाचे आहेत, इतकेच. कुरड्यांची तिथी चुकत नाही आणि विम्याची चुकते, ह्याचे कारण विम्याला ऋतू नाही. त्याला एखाद्या सणाच्या दावणीला बांधून टाकावे.

चौथा कप्पा पुष्कळांस अनावश्यक वाटेल. घरात कसली आली स्थायी आदेशांची संचिका? पण लोणच्याला मीठ किती, आजोबांच्या कोणत्या गोळ्या उपाशीपोटी द्यावयाच्या, पाण्याच्या टाकीची मुख्य तोटी कोठे आहे, गौरीच्या नैवेद्यास ह्या घरी काय लागते – हे नव्या सुनेस किंवा सुटीत घरी आलेल्या मुलास कोण सांगणार? एका वहीत लिहून ठेवले तर दहादा विचारणे वाचते, आणि विचारावे लागते म्हणून येणारा संकोचही.

पाचव्या कप्प्यात खरेदीखत, जन्माचे दाखले, गुणपत्रिका, ठेवींच्या पावत्या. येथे कारंजाचा नियम: आतील प्रत्येक कागदाची यादी झाकणाच्या आतील बाजूस. राहिला सहावा, तो सर्वांत कठीण. मध्यमवर्गीय घरास कागद टाकवत नाही. बारा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या पंख्याची पावती जपून ठेवलेली आढळते आणि तिच्याच खाली मुलाचा जन्मदाखला दडपलेला असतो. टाकावयाची भीती वाटते ती कोणता कागद केव्हा निरुपयोगी होतो हे ठाऊक नसल्यामुळे. कचेरीप्रमाणे ठेवतानाच कोपऱ्यावर ‘कायम’, ‘५ वर्षे’ किंवा ‘१ वर्ष’ असे पेन्सिलीने लिहिले, तर पुढे निर्णय करावयाचा उरत नाही. केवळ वाचावयाचे आणि फाडावयाचे.

अलीकडे पुष्कळ जण म्हणतात की, हे सर्व आता भ्रमणध्वनीत असते. मग कप्पे कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५ पासून ‘डिजिलॉकर’ची सोय झाली, सातबारा अंकीय स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, आणि कागद हरवण्याची धास्ती पुष्कळ कमी झाली. परंतु भ्रमणध्वनीस कुलूप असते आणि त्याचा परवलीचा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात असतो. शालूच्या घडीतले खरेदीखत घर उलथेपालथे करून तरी सापडत असे. विसरलेल्या परवलीच्या शब्दामागचे खाते तितक्या सहजी उघडत नाही. तेव्हा यंत्र आले म्हणून यादीची गरज संपली नाही, उलट वाढली. परवलीचा शब्द यादीत लिहू नये, हे खरे. पण कोणते खाते कोठे आहे आणि त्यास वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, इतके लिहिण्यास कोणताच धोका नाही.

वस्तूंचे झाले, आता घड्याळाचे. वाशीमचे आणि काळाचे नाते जुने आहे. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे सांगितली आहेत, त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील मध्यमेश्वराच्या देवळाचा संबंध ह्याच रेषेशी लावला जातो. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैन वाशीमच्या सव्वा अंशाहून थोडे अधिक पश्चिमेस पडते, म्हणजे दोन्ही गावांच्या माध्यान्हीत पाच-साडेपाच मिनिटांचे अंतर आहे. घटिकापात्रावर काल मोजण्याच्या त्या दिवसांत इतका फरक राहिला, ह्यात नवल नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरू लागली. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. वाशीम तिच्या पश्चिमेस सुमारे पाच अंश आणि एक तृतीयांश. प्रत्येक अंशास चार मिनिटे धरली म्हणजे वाशीमचा सूर्य सरकारी घड्याळाच्या सरासरीने साडेएकवीस मिनिटे, जवळजवळ एक घटकाभर, मागे असतो.

हे पांडित्य वाटेल, पण त्याचा परिणाम रोजच्या चुलीवर होतो. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरविली. घड्याळात पावणेदहा वाजतात तेव्हा वाशीमच्या आकाशात साधारण नऊ वाजून तेवीस मिनिटेच झालेली असतात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अंघोळ, पूजा, दोन वेळची भाजी, तीन डबे आणि नळास पाणी येण्याचा दिवस असेल तर ते भरणे, एवढे सर्व पावणेतीन तासांच्या उजेडात कोंबले जाते. उलट मे महिन्यात कचेरी सुटल्यावरही अर्ध्या तासाहून अधिक उजेड शिल्लक राहतो, आणि तो बहुधा चहात नि पेंगण्यात जातो. दोघेही नोकरी करणाऱ्या घरी सकाळ सुटसुटीत करावयाची असेल तर लवकर उठण्याचा उपदेश निरुपयोगी आहे. त्याने गृहिणीची झोप तेवढी कमी होते. ज्या कामास सकाळच लागते ते सकाळी ठेवावे, आणि बाकीचे – भाजी निवडणे, गणवेश काढून ठेवणे, किल्ली आणि कागद पिशवीत घालणे – आदल्या संध्याकाळी घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. सर्वांनी हा शब्द महत्त्वाचा आहे. जिन्नस कोठे आहे हे सर्वांस दिसत असेल तरच काम वाटता येते, नाही तर मदतीस आलेला माणूस दर दोन मिनिटांनी “साखर कोठे आहे?” असे विचारतो, आणि गृहिणी म्हणते, “राहू द्या, मीच करते.”

कचेरीत बसून काम करणारासही ह्याच जातीची एक सवय उपयोगी पडते. संचिकेत एका बाजूस पत्रव्यवहार असतो आणि दुसऱ्या बाजूस टिपणी. काम चालू असता कोणी येते, घंटी वाजते, साहेब बोलावतात. माणूस उठतो, आणि परत आल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागतो. उठण्यापूर्वी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली – ‘येथवर तपासले, पुढे अमुक मागवावयाचे’ – तर पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. शिक्षक उद्याच्या पाठाचे टाचण आज काढतो ते ह्याचसाठी. येणारे पत्र येताच उत्तर द्यावे की दिवसातून ठराविक वेळी सर्वांस एकदम द्यावे, ह्याविषयी मतभेद आहेत. ज्याच्या टेबलासमोर लोक रांग लावून उभे असतात, त्याने रांगेकडे आधी पाहावे, ह्याविषयी मात्र मतभेद नसावा. कारण रांगेत उभा असलेला मनुष्य खेड्याहून एस.टी.ने आलेला असतो आणि त्याची परतीची गाडी ठरलेली असते.

पाच दिवसांच्या आठवड्यामुळे शनिवार मोकळा झाला आहे. पूर्वी महिन्याचा दुसरा व चौथा शनिवारच सुटीचा असे. त्यांतील एखादा, ज्येष्ठातला, पावसाच्या तोंडावरचा, घराच्या दप्तरासाठी राखून ठेवता येईल. पेटी उन्हात उघडावयाची, यादी एकाने वाचावयाची आणि कागद दुसऱ्याने काढावयाचा. वाचणारा शक्य तर घरातील सर्वांत लहान अक्षरओळख झालेला मुलगा किंवा मुलगी असावी, म्हणजे अक्षर वाचण्याजोगे आहे की नाही हेही कळते. मुदत संपलेले कागद बाजूस काढून फाडावयाचे, नवे चढवावयाचे, आणि यादीच्या दोन प्रती करावयाच्या: एक पेटीच्या झाकणात, आणि दुसरी पुण्यास किंवा नागपुरास दिलेल्या लेकीकडे.